बांबूच्या पाचरी

गुलाम नबी मिस्तरीचं एक ठरलेलं बोलणं होतं. गाडीत जिन्न नसतो, गाडीत कचरा असतो. कुणी ट्रकवाला येऊन म्हणाला की मिस्तरी, माझ्या गाडीला नजर लागली, तर हा आधी बॉनेट उघडायला लावी, पेट्रोलची नळी सोडवी, तिच्यातून निघालेली चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, ही घ्या तुमची नजर. आखाडा बाळापुरात नांदेड रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे अन् तेलानं काळं झालेलं एक मेज. पण कळमनुरीपासून वारंगा फाट्यापर्यंत कुणाच्या जुन्या जीपचं काही दुखलंखुपलं की माणूस त्याच मेजापाशी यायचा.

दुष्काळ सरून तिसरा पावसाळा लागला होता, म्हणजे साल पंच्याहत्तर. त्या पावसाळ्यात मिस्तरीच्या जिवाला एकच घोर होता, त्याची लेक हलीमा. तिची आधीची बाळंतपणं माहेरी सुखरूप झाली होती. पण तिची आई अख्तरी गेल्या उन्हाळ्यात वारली, घरात बाईमाणूस उरलं नाही, म्हणून या खेपेला हलीमा सासरीच राहिली, मोरजवळ्याला. आणि मोरजवळा म्हणजे पावसाळ्यात जगाच्या बाहेरचं गाव. डांबरी सोडली की नुसती काळी माती, बैलगाडीचा आख बुडेल असा चिखल, अन् मधे बिनपुलाचा ओढा. त्यात गावच्या दाईनं, कमलबाईनं, हलीमाच्या पोटावरून हात फिरवून सांगून टाकलं होतं की लेकरू आडवं हाये, हे माझ्या हातचं काम न्हाई, कळा सुरू झाल्या की दवाखान्यातच न्यावं लागंल.

न्यायचं कशात, तर पुंजाजीच्या जीपमध्ये. दुसरं काही गावात नव्हतंच. पुंजाजीच्या बापानं कुठल्याशा लिलावात घेतलेली ती जुनी लष्करी गाडी. चारी चाकं ओढतात म्हणून ओढ्याच्या गाळातून ती तेवढी बाहेर निघायची. चालवायचा हलीमाचा नवराच, फारुक.

बाजारच्या दिवशी फारुक जीप घेऊन बाळापुरात आला आणि सासऱ्याच्या दुकानापुढं चहा पीत बसला. गाडी बाहेर तशीच धडधडत उभी. चहा झाला, पान झालं, गाडी चालूच. फुकट जळणारं पेट्रोल मिस्तरीला बघवेना.

"बंद काहून करत न्हाईस?"

"सेल्फ मारत न्हाई, अब्बा. बंद केली की ढकलावी लागते."

"कधीपासून?"

फारुकनं पानाची पिंक टाकायला जरा जास्तच वेळ घेतला. "लई दिवस झाले," तो म्हणाला.

मिस्तरीची कानशिलं तापली. जावई जीप चालवतो, सासरा जीपचा डॉक्टर, अन् गाडी ढकलून चालू होते! लोकांनी ऐकलं तर तोंडात शेण घालतील. पण खरी कळ दुसरीच होती. भर पावसात हलीमाला कळा लागल्या, माणसं रानात पांगलेली असली, तर ढकलायला कोण येणार? त्यानं काही न बोलता हत्यारांची पेटी जीपमध्ये ठेवली आणि वर चढून बसला.

"राहू द्या ना अब्बा," फारुक म्हणाला. "ढकलून होते की चालू."

"काहून राहू द्या?"

फारुक चाकावर जाऊन बसला. सासऱ्यापुढं त्याची जीभ कधी उचलायची नाही. चांगल्या घरचं पोरगं म्हणून मिस्तरीनं त्याचं हेच वळण पाहून लेक दिली होती.

मोरजवळ्याला पोचले तेव्हा आभाळ खाली आलं होतं. पुंजाजी गावात नव्हता, हट्ट्याला लेकीकडे गेला होता. जीप नेहमीच्या जागी, मारुतीच्या पारापुढच्या उतारावर लावलेली. हलीमाचं घर समोरच. ती दारात बसली होती, पाय सुजलेले, चेहरा पिवळा पडलेला. बापाला बघून हसली. चारचौघांत ती बापाशीही मराठीतच बोलायची.

"माझ्यासाठी आलात व्हय अब्बा, का गाडीसाठी?"

"तुझ्यासाठीच गाडीकडं आलो," मिस्तरी म्हणाला.

कामाची त्याची रीत ठरलेली. आधी दिवे लावले. या जीपच्या सेल्फचं बटण ड्रायव्हरच्या पायाशी, खाली पत्र्यावर असतं. पायानं ते दाबायचं अन् दिव्याकडं बघायचं. दिवा मंदावला तर वीज सेल्फपर्यंत जाते, पण सेल्फ कुठंतरी अडकलाय. दिवा जसाच्या तसा राहिला तर वीज मधेच कुठं तुटली आहे. फारुकनं बटण दाबलं. दिवा जसाच्या तसा. मिस्तरीनं बॅटरीची टोकं घासली, इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवून तिच्यावरचा गंज काढला, बटणाच्या दोन्ही टोकांवर पेचकस आडवा धरून बघितला. ठिणगीसुद्धा उडाली नाही. मग खाली गोणपाट अंथरलं, गाडीखाली शिरला आणि सेल्फ सोडवून बाहेर काढला.

मागची पट्टी सरकवली तेव्हा त्याला जे दिसलं ते त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सेल्फच्या आत कार्बनचे तुकडे असतात, बोटाच्या पेराएवढे. फिरत्या आर्मेचरला ते टेकलेले असतात, वीज त्यांच्यातूनच आत जाते. इथं त्या खाचांत कार्बन नव्हते. कार्बनच्या जागी बांबूच्या पाचरी होत्या. सुरीनं तासून गुळगुळीत केलेल्या, बरोबर मापाच्या, तेल पाजलेल्या. एका पाचरीचा हिरवा रंग अजून पुरता गेला नव्हता. म्हणजे कुणीतरी गेल्या सालाभरातच ती नव्यानं बसवली होती.

"हे कुणी केलं?"

फारुक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "मालकाला विचारा," तो एवढंच म्हणाला.

मिस्तरीला वाटलं, कुण्या भामट्या मिस्तरीनं कार्बन चोरले अन् खेड्यातल्या माणसाला लाकूड चिकटवलं. त्यानं शिव्या घालत पाचरी अंगणात भिरकावल्या. आर्मेचर बारीक पॉलिश कागदानं घासून चकचकीत केलं, पुढचं दातेरी चाक रॉकेलमध्ये धुतलं, पेटीतले कोरे कार्बन काढून बसवले. मधे हलीमानं चहा दिला. सरपण ओलं होतं, तर अंगणात पडलेल्या पाचरीच तिनं चुलीत सारल्या होत्या. तेलात मुरलेल्या, भुरकन पेटल्या म्हणाली. चहा मिस्तरीला बरा वाटला.

सेल्फ बसवून तो स्वतः चाकावर बसला. पायानं बटण दाबलं. खर्रर्र करून सेल्फ एकदाच फिरला आणि इंजिन लागलं.

त्यानं कौतुकानं मान वर केली. पाराजवळच्या हापशावर बायका पाणी भरत होत्या. त्यांचे हात थांबले होते. हापशाचा दांडा वरच राहिला होता. एक म्हातारी पदर तोंडाला लावून घरात गेली आणि आतून कडी लागली. एवढ्या वर्षांत मिस्तरीनं बंद गाडी चालू केल्यावर माणसं हसलेली पाहिली होती, चहाला चला म्हणालेली पाहिली होती. इथं दारं लागत होती.

फक्त ग्यानोबा काठी टेकत पुढं आला. गावातला सगळ्यात म्हातारा, तोंडात दात नाही, पण बोलणं अजून तिखट. "बरं झालं," तो म्हणाला. "ढकलू ढकलू माझी कंबर गेली. सकाळी मला बाळापूरला न्या, तमाखू आणायचा हाये."

संध्याकाळी कमलबाई हलीमाला बघायला आली. हात धुतले, पोट चाचपलं, अजून वेळ आहे म्हणाली. मग ओसरीत मिस्तरीसमोर बसली.

"तुमी परगावचे, मिस्तरी. अन् तुमचा जावई तुमच्यापुढं तोंड उघडत न्हाई. मंग मलाच सांगावं लागून राहिलं. तो सेल्फ नका नीट ठिवू."

"काहून?"

"आदी ही गाडी बटणावरच चालू व्हायची. पुंजाजीची बायको जनकाबाई पोटात दुखतं म्हणून गाडीत बसली. बटण दाबलं, गेली. परत आली न्हाई. आमी म्हणलं, तिचं तेवढंच होतं. मंग पंचफुलाचा नवरा. मंग तांड्यावरचा सेवा नावाचा गडी, नुसती दाढ दुखते म्हणून गेलता." तिनं थांबून सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मधी सेल्फ बिघडला. नर्मदाबाईला रानात पान लागलं, नाग डसला, तोंडाला फेस आलता, गेल्यातच जमा होती. समद्या गावानं गाडी ढकलली. बाई ओढ्यापसून आपल्या पायानं चालत घरी आली. मंग पुंजाजीनं सेल्फ नीट करून आणला, तर पुन्हा तेच. तवापसून कुणी दुखणाईत गाडीत बसलं की आमी घरटी एक माणूस हात लावाया जातो. माणसाच्या हातानं चालू झाली की माणूस परत येतं."

मिस्तरीला राग आला. पण बाई वडीलधारी, अन् लेकीचा जीव तिच्या हातात. "बाई, तुमी लेकरं काढता," तो शांतपणे म्हणाला. "पोट वरून चाचपून आतलं लेकरू आडवं हाये हे तुमाला समजतं. अन् तुमीच असं बोलता?"

"मी बी आदी असंच म्हणायची," कमलबाई म्हणाली आणि उठली.

रात्रभर पाऊस लागला होता. सकाळी मिस्तरी तोंड धुवायच्या आधी गाडीकडं गेला. कपाळ गार पडावं असा वारा सुटलेला, बॉनेटवरून पाणी निथळत होतं. त्यानं सवयीनं वाकून सेल्फला हात लावला.

सेल्फ गरम होता. ताप चढलेल्या लेकराच्या अंगासारखा.

कुठंतरी वायर टेकली असणार, दुसरं काय. त्यानं एक एक वायर बोटांनी तपासली. एकही टेकलेली नव्हती. बॅटरी उतरलेली असायला हवी होती, तीही भरलेली. इंजिनाच्या ठोकळ्याला हात लावला, तो बर्फासारखा गार. तेवढ्यात ग्यानोबा छत्री घेऊन आला आणि मागं चढून बसला. "चला की मिस्तरी. का तुमाला बी या येड्यांचं भ्या लागलं?" झालं. एवढं ऐकल्यावर मिस्तरी कसला थांबतो! त्यानं बटण दाबलं. गाडी एका झटक्यात लागली. मग चाक त्यानं फारुकच्या हाती दिलं.

वाटेत ग्यानोबा खुशीत होता. दुष्काळात याच गाडीतून सरकारी वाटपाच्या सुकडीची पोती कशी यायची ते त्यानं सांगितलं. बाळापुरात उतरून तमाखू घेतला, मिस्तरीच्या दुकानापुढं लिंबाखाली बसला, चहा मागवला. मिस्तरी आत कुठलं तरी हत्यार शोधायला गेला आणि बाहेर आला. ग्यानोबा झाडाला टेकून बसलेला होता. कपबशी मांडीवर होती, चहावर साय धरली होती. तमाखूची पुडी अजून सोडलेली नव्हती.

म्हातारा माणूस. कधी ना कधी जायचाच. फारुकनं जीप आणली होती तीच परत नेली, ग्यानोबाला मागं झोपवून. मिस्तरी त्याच्या पायाशी बसला होता. गाव ओढ्यापाशी येऊन थांबलेलं होतं. कुणी रडलं, कुणी मातीकडं बघत राहिलं, पण मिस्तरीला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्या संध्याकाळी त्यानं बटणाशी येणारी जाड वायरच सोडवली आणि तिचं टोक कापडात गुंडाळून बांधून टाकलं. आता सेल्फपर्यंत वीज जायला वाटच नव्हती. सकाळी उजाडताच तो गेला. वाकला. हात लावायला त्याला थोडा धीर गोळा करावा लागला.

गरम होता. कालच्यापेक्षा जास्त.

तो तिथंच चिखलात उकिडवा बसून राहिला. गाडीत कचरा असतो. कचरा कुठं होता? त्यानं सगळं उघडून पाहिलं होतं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं की दुखणं समोर आहे आणि बोट ठेवायला जागा नाही.

दुपारी पुंजाजी हट्ट्याहून आला. उंच, वाळलेला माणूस. ओसरीत बसला, पाणी प्याला, अन् पहिलाच प्रश्न विचारला.

"माझ्या पाचरी कुठं टाकल्या, मिस्तरी?"

"चुलीत गेल्या."

हलीमा आतून ऐकत होती. तिच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दर साली नागपंचमीला मी नव्या करायचो," पुंजाजी म्हणाला. "जनकाच्या हातचा बांबू व्हता परसात. तिनं लावलेला. तिला म्हणायचो, बाई, तू गेली ती गेली, आता दुसऱ्याला नको."

"मला आणखी करून द्या," मिस्तरी म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "तुमच्या हातच्याच द्या. लेकीचा सवाल हाये."

"बांबू यंदा वाळला," पुंजाजी म्हणाला. "समदं बेट गेलं. परवा मी गावात असतो, तर पाचरी काढूच दिल्या नसत्या तुमाला."

तरीही मिस्तरी परसात गेला. वाळल्या बेटाच्या बुडाशी एक कोंब थोडा ओला सापडला. त्याच्याच त्यानं पाचरी काढल्या, सुरीनं तासल्या, तेल पाजलं. माप जराही चुकलं नाही. सेल्फ उघडून कोरे कार्बन काढले आणि त्या जागी पाचरी ठोकून बसवल्या. कार्बन हातरुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवले. जाड वायर सोडवलेलीच राहू दिली. मग त्यानं बटण दाबून पाहिलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. काहीच झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गाडी बंद राहिली म्हणून गुलाम नबी मिस्तरीनं अल्लाचे आभार मानले.

हलीमाला कळा लागल्या त्या दुसऱ्या दिवशी, दिवस चांगला वर आल्यावर. कमलबाईनं आत जाऊन पाहिलं आणि लगेच बाहेर आली. "न्या," एवढंच म्हणाली.

कुणी बोलवायला गेलं नाही, तरी माणसं आली. निंदणावरून आली, हाताला चिखल तसाच. दुकानाची फळी लावून दुकानदार आला. ज्या घरी म्हातारं एकटंच होतं त्या घरचं म्हातारं आलं. रिमझिम चालू होती. हलीमाला गोधडीवर झोपवून जीपच्या मागच्या भागात ठेवलं, डोकं मागच्या फळीकडं. कमलबाई तिच्या पायाशी बसली. माणसांनी गाडीला हात लावले. मडगार्डला, मागच्या स्टेपनीला, छताच्या दांड्यांना, जिथं जागा मिळेल तिथं. बायकांनी पुरुषांच्या हातांमधून हात घातले. एवढ्या माणसांचे हात बघून मिस्तरीच्या डोळ्यांना पाणी आलं. होईल, त्याला वाटलं. एवढे हात आहेत. होईल नीट.

फारुकनं चावी फिरवली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला.

मिस्तरी हलीमाच्या डोक्यामागं उभा राहिला, दोन्ही हात फळीवर ठेवले. पुंजाजीनं सगळ्यांकडं पाहिलं. आता तो 'हं' म्हणणार, तेवढ्यात.

खर्रर्र.

सेल्फ एकदाच फिरला आणि इंजिन लागलं.

कुणी अजून जोर लावला नव्हता.

हात गाडीवर तसेच होते. इंजिनाच्या थरथरीनं ते सगळे हात थरथरत होते. मग कुणीतरी एक हात काढला. मग दुसऱ्यानं. ओल्या पत्र्यावर चिखलाचे पंजे तेवढे राहिले.

"बंद कर," मिस्तरी ओरडला. फारुकनं चावी फिरवून काढून घेतली. इंजिन चालूच राहिलं. चावी फारुकच्या तळहातावर होती आणि तो तिच्याकडं नुसता बघत होता.

हलीमानं डोळे उघडले.

"अब्बा, कुणी ढकलली?"

"सगळ्यांनी."

"तुमी बी?"

"मी बी, बेटा."

तिनं बापाचा हात शोधला आणि धरला. "मला धक्का बसला न्हाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ न्हाई म्हणावं तसा. मग ती म्हणाली, "घरी लेकरं हायेत. त्यांना माझ्या मागं येऊ देऊ नका."

थांबून काही होणार नव्हतं. कमलबाईनं मानेनंच निघायला सांगितलं. मिस्तरी मागं चढला आणि गाडी निघाली.

ओढ्याला पाणी चढलं होतं, चाकं दिसत नव्हती. गाडी कुठंच अडखळली नाही. गाळात घसरली नाही, चढावर तिला दम लागला नाही. इतकी सुरेख ती गाडी कधीच चालली नव्हती. मिस्तरी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि इंजिनाचा आवाज ऐकत होता. एकही खोट त्याला सापडत नव्हती.

डांबरीवर आले. बाळापुरातलं लिंबाचं झाड दिसायला लागलं आणि हलीमाचा हात त्याच्या हातात सैल झाला.

दवाखान्यात डॉक्टर धावत आले, होतं नव्हतं ते त्यांनी केलं. पण करायला काही उरलंच नव्हतं. लेकरू आतच राहिलं. फारुक भिंतीला डोकं लावून उभा होता. कमलबाई पायरीवर बसून तळहात पुसत होती, पुसतच होती.

न्यायचं होतं परत मोरजवळ्यालाच, तिथंच तिची माती व्हायची. हलीमाला पुन्हा जीपमध्ये ठेवलं. दवाखान्यासमोर गाडी आपणहून बंद पडली होती, कधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फारुकनं बटण दाबलं नाही. बाळापुरातली माणसं जमली, ओळखीची, बिनओळखीची. मिस्तरी मागं लेकीपाशी बसला. लोकांनी जोर लावला. गाडी थोडी पुढं सरकली आणि एक जोराचा धक्का देऊन चालू झाली. त्या धक्क्यानं हलीमाची मान एका बाजूला कलंडली. मिस्तरीनं ती दोन्ही हातांनी सावरली.

बाजूनं पाऊस आत येत होता. तिच्या तोंडावर थेंब पडले होते. त्यानं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि तिचं कपाळ पुसलं. कपाळावर काळा पट्टा उमटला.

तेव्हा त्याला आठवलं रुमालात काय होतं ते.

त्यानं मूठ उघडली. काल काढून ठेवलेले कोरे कार्बन, बोटाच्या पेराएवढे. झिजून नखाएवढे राहिले होते. आर्मेचरवर वर्षानुवर्षं फिरावं तशी त्यांची टोकं गोल घासली गेली होती, आतली तांब्याची वेणी उघडी पडली होती आणि रुमालभर काळी पूड सांडली होती.

त्यानं दुसऱ्या हातानं लेकीचं कपाळ पुसायला घेतलं. कपाळ गार पडलं होतं. मुठीतले कार्बन अजून गरम होते.